सुईमागची टिंबं

काका रफूगार होते. कपड्याला कसर लागली, कुठे ठिणगी उडून जळलं, की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि त्या धाग्यांनी भोक असं विणून टाकायचं की खुद्द मालकालाही बोट ठेवून जागा दाखवता येऊ नये. रफू-इस्त्रीच्या एकाच दुकानात बत्तीस वर्षं ते हेच करत आले होते. काम चांगलं झालं तर ते दिसत नाही, आणि ते करणाराही आतल्या टेबलावर कोणाला दिसत नाही, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाला चांगली मानवली होती. एखादं गिऱ्हाईक कौतुक करायला आत आलंच, तर काका चष्मा पुसायला घेत आणि ते जाईपर्यंत पुसत राहत.

त्या सोमवारी त्यांच्या टेबलावर व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंचा काळा कोट होता. व्हायोलिन टेकून टेकून तो डाव्या खांद्याच्या पुढे विरला होता आणि मधोमध नखाएवढं भोक पडलं होतं. शनिवारी बाईंचा कार्यक्रम होता. काळ्यावर काळं रफू म्हणजे रफूगाराची परीक्षाच. धागा काळा, कापड काळं आणि त्यांच्यामधली सावलीही काळी. काकांनी सुई ओवली, पहिला टाका घातला आणि धागा ओढून घ्यायला हात झरकन उजवीकडे नेला.

सुईमागे टिंबं उमटली.

सुई हलली की तिच्यामागे चमकेची एक रेघ दिसते, हे बत्तीस वर्षं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ती दिसते हेही ते विसरले होते. आज रेघ नव्हती. काळ्या कापडावर चांदीच्या टिंबांची एक ओळ होती, सारख्या अंतरावर, कोणी मोजूनमापून मांडल्यासारखी. क्षणभर दिसली आणि गेली. काकांनी पुन्हा हात हलवला. पुन्हा टिंबं. तिसऱ्यांदा जरा जोरात हलवला, तर टिंबं एकमेकांपासून लांब लांब गेली.

"काय काका, माशा हाकलताय?" शेजारच्या टेबलावरून आवाज आला. तिथे इस्त्रीवाला उभा असे. दिवसभर वाफेच्या ढगात वावरायचा म्हणून सगळे त्याला इंजिन म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई.

"हं, एक होती."

"माझ्या वाफेत माशी जगली तर तिला कामावर ठेवा म्हणून मी मालकीणताईंना स्वतः सांगेन."

काका कसनुसं हसले. त्यांना थोरल्या भावाच्या मुंग्या आठवल्या होत्या.

थोरला भाऊ हिशेबाला पक्का, बोलण्यात तरतरीत. साठी उलटल्यावर एक दिवस जेवताना तो ताटाजवळून बोटाने काहीतरी झटकायला लागला. "मुंग्या आहेत," म्हणाला. मुंग्या नव्हत्या. मग तो मोजताना चुकायला लागला, मग वार विसरायला लागला, आणि शेवटची दोन वर्षं काकांनी त्याच्या सदऱ्याची बटणं रोज लावून दिली होती. लावून होईपर्यंत भाऊ त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसा, पण अगदी अदबीने, पाहत राही.

काका आता बासष्टचे होते, आणि मोजणं त्यांचंही चुकायला लागलं होतं.

हे चार महिन्यांपासून चाललं होतं. कोटाच्या असल्या कापडाची वीण म्हणजे दोन धागे वर, दोन खाली, आणि दर ओळीला एक घर पुढे सरकायचं. एक घर चुकलं की कापडावरची तिरकी रेघ मोडते. पूर्वी काका हे मोजत मोजत मनात दुसरंच काहीतरी, आदल्या रात्री वाचलेलं पुस्तक म्हणा, घोळवत बसायचे. आता सगळं लक्ष मोजण्यावर ठेवूनही दहा-बारा धाग्यांनंतर आकडा हातातून निसटायचा. दुपारी कपाळाच्या मधोमध ठणका सुरू व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत तो डोळ्यांच्या मागे जाऊन बसायचा. घरी गेल्यावर पुस्तक उघडायची इच्छा होत नसे, आणि काकांच्या बाबतीत हे म्हणजे जेवणावरची वासना उडण्यापेक्षा गंभीर होतं.

उजेड कमी पडतोय असंही म्हणायची सोय नव्हती. चार महिन्यांपूर्वीच दुकानाचं रूप पालटलं होतं. मोठे मालक गेल्यापासून दुकान त्यांची मुलगी चालवत होती. तिला सगळे ताई म्हणत, अगदी काकाही, जरी ती फ्रॉक घालून त्यांच्या टेबलाखाली बटणं गोळा करत फिरायची तेव्हापासून ते तिला ओळखत होते. तिने पुढे मोठी काच बसवली, गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या मांडल्या, आणि बाजूच्या खिडकीजवळचं काकांचं टेबल मागे, इंजिनाच्या शेजारी आलं. पण काकांची खिडकी गेली हे तिच्या मनाला लागलं होतं. पहिल्याच दिवशी तिने एक लांब मानेचा दिवा आणून टेबलाला घट्ट बसवला. दिव्याला गोल बटण होतं. फिरवाल तितका उजेड कमी-जास्त.

"काका, हा फक्त तुमचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली होती. "सहा दुकानं फिरले याच्यासाठी. आता डोळ्यांना त्रास झाला तर मला सांगा."

त्रास झाला. पण सांगणार काय आणि कोणत्या तोंडाने? काकांना वाटलं, उजेड फार प्रखर आहे, आपलेच डोळे थकले असतील. त्यांनी बटण थोडं मागे फिरवलं. डोकं दुखायचं थांबलं नाही म्हणून आणखी फिरवलं. असं करत करत चार महिन्यांत दिवा निम्म्यापेक्षा खाली आला होता.

"काका, अंधारात शिवून गिऱ्हाईक फसवायचा विचार आहे का?" इंजिन विचारायचा.

"मला असाच बरा वाटतो."

मंगळवारी ते कोणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई चटपटीत होत्या. त्यांनी अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत थेंब घातले, काचेमागून आत डोकावून पाहिलं, आणि म्हणाल्या, "वयाच्या मानाने फार छान आहेत. चष्म्याचा नंबर किंचित वाढलाय, तेवढा बदलून घ्या. काम कसल्या उजेडात करता?"

"उत्तम उजेड आहे," काका लगबगीने म्हणाले. "नवा दिवा आहे. खास माझ्यासाठी आणलाय."

"मग झालं तर."

दुसरा कोणी असता तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. काका मात्र बाहेरच्या पायरीवरच थांबले. डोळे चांगले असतील, तर मग टिंबं डोळ्यांच्याही मागे कुठेतरी होती. डॉक्टरीणबाईंना टिंबांबद्दल त्यांनी विचारलंच नव्हतं. विचारायचं म्हणून घरून वाक्य जुळवून नेलं होतं, पण थेंब घालताना ते वाक्य कुठल्या कुठे गेलं.

घरी बायकोने तोंड पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"दुखतंय ना आजही?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे भरपूर. तुमची मापं मला पाठ आहेत. बाकी एक गंमत आहे, रविवारी तुमचं डोकं कधी दुखत नाही."

"रविवारी मी आराम करतो."

"रविवारी तुम्ही सकाळपासून पुस्तकात नाक खुपसून बसता. त्याला डोळे लागत नाहीत वाटतं? मला तर वाटतं, शाळा चुकवणाऱ्या पोराचं दुखणं आहे हे." ती हसली, मग त्यांच्याकडे नीट पाहून हसायची थांबली. "काय झालंय? खरं सांगा."

"काही नाही गं. काळा कोट आलाय. काळ्यावर काळं."

तिने आणखी विचारलं नाही. पण रात्री दिवा घालवताना तिने, बऱ्याच वर्षांत ठेवला नव्हता तसा, त्यांच्या कपाळावर हात ठेवला, आणि काकांना वाटलं, हिला कळलंय. थोरल्याची बटणं लावताना हीच तर शेजारी उभी असायची.

बुधवार आणि गुरुवार त्यांनी कोटाशी झुंजण्यात घालवले. एकेक ओळ दोनदा, तीनदा मोजली. टिंबं दिसू नयेत म्हणून सुई अगदी हळू ओढायला सुरुवात केली, त्यामुळे मनगट भरून आलं. गुरुवारी संध्याकाळी शेवटचा धागा आत दडवला, कापडावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काही लागलं नाही. डोळ्यांना काय दिसतंय यावर आता त्यांचा भरवसा नव्हता.

त्याच रात्री त्यांनी ठरवलं. कोणीतरी आपली चूक आपल्याला दाखवून देईल, मग सगळे सांभाळून घेतील, काम हळूच दुसऱ्याकडे पाठवतील आणि आपल्याशी अदबीने वागतील, ते सोसण्यापेक्षा आपणच उठावं.

शुक्रवारी सकाळी ताई गल्ल्याशी एकटी होती. काका कोट हातावर घेऊन समोर उभे राहिले.

"झाला? दाखवा," ती म्हणाली, आणि कोटावर वाकून शोधू लागली. "कुठे होतं भोक? डावा खांदा ना? काका, तुम्ही म्हणजे खरंच..."

"ताई, हे शेवटचं."

"शेवटचं म्हणजे?"

"म्हणजे आता मी थांबावं म्हणतो."

ताईने कोट खाली ठेवला. "का? मी काही बोलले का तुम्हाला?"

"छे छे."

"इंजिनाने काही चेष्टा केली? त्याचं मी बघते."

"अहो, तो बिचारा काय करणार? डोळे, ताई. डोळे म्हणजे, डोळ्यांसारखंच काहीतरी. मोजणं जमत नाही आता."

तिचे डोळे भरून आले, आणि तसं झालं की ती हाताला काहीतरी काम लावायची, लहानपणापासून. तिने कोट उचलला, तरातरा मागे गेली, काकांच्या टेबलावर तो पसरला आणि खिशातून फोन काढला. काम झालं की गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचा, ही तिची पद्धत होती.

"बाईंना फोटो पाठवते," ती म्हणाली. "मग बोलू आपण." फोन कोटावर धरून ती वैतागली. "हे बघा, घाईत इथेच काढायला घेतला. तुमच्या टेबलावर फोटो कधी नीट येतच नाही. म्हणून तर मी प्रत्येक कपडा दारात नेते."

काका तिच्या मागोमाग आले होते. "का येत नाही?"

"पट्टे येतात हो. काळे पट्टे."

"कसले पट्टे?"

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. फोनच्या पडद्यावर कोट दिसत होता, टेबल दिसत होतं, आणि सगळ्यावरून आडवे, रुंद, काळसर पट्टे सरकत होते. काकांनी टेबलाकडे पाहिलं. तिथे पट्टे नव्हते. पुन्हा फोनकडे पाहिलं.

"हे तुम्हाला दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय, आपण दोघं तेच बघतोय."

"कधीपासून येतंय असं?"

"टेबल इकडे आणल्यापासूनच. मला वाटलं, माझा फोन जुना झाला."

काकांनी सुया टोचायच्या गादीतून एक सुई उपसली आणि काळ्या कोटावरून झरकन उजवीकडून डावीकडे नेली. "ताई, नीट बघा हं. आता काय दिसलं?"

"सुई."

"सुईच्या मागे?"

"पुन्हा करा." त्यांनी पुन्हा केलं. "टिंबं," ती म्हणाली. "टिंबं टिंबं दिसतात. मजाच आहे. हे काय आहे?"

काकांनी खुर्ची ओढून घेतली. ते बसले. तिच्या तोंडून तो शब्द इतक्या सहज निघाला होता की त्यांना तो आणखी एकदा ऐकावासा वाटत होता. "किती टिंबं?"

"सात-आठ असतील. काका, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"इकडे ये रे," काकांनी इंजिनाला हाक मारली. त्यांचा आवाज दुकानात एवढा मोठा कधी निघाला नव्हता. इंजिनाने इस्त्री उभी करून ठेवली आणि आला. त्याने सुई पाहिली आणि खांदे उडवले.

"टिंबं ना? मला तर केव्हाची दिसतात. इस्त्री त्या दिव्याखालून गेली की एकीच्या पाच इस्त्र्या होतात."

"मग बोलला का नाहीस?"

इंजिनाने कान खाजवला. "मला वाटलं, आमच्या घरात साखरेचा आजार आहे, त्यातलं असेल काहीतरी. आपण कशाला मोठ्याने बोला. बायको लगेच गोड बंद करेल."

काकांनी कोट उचलला, सुई घेतली आणि ते सरळ दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले. बाहेर साधा ढगाळ सकाळचा उजेड होता. एका हातावर काळा कोट पसरून ते दुसऱ्या हाताने सुई इकडून तिकडे नेऊ लागले. रस्त्याने जाणारी एक बाई वळून पाहत पुढे गेली. एक सायकलवाला थांबलाच.

"काका, रहदारी सांभाळताय का?" आतून इंजिन म्हणाला.

काकांचं लक्ष नव्हतं. सुईमागे रेघ होती. अखंड, बारीक, चांदीची रेघ, जशी बत्तीस वर्षं होती तशी. त्यांनी हात आणखी जोरात फिरवला. रेघच.

ताईने दिवा जिथून घेतला होता त्या दुकानाला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडचा कारागीर आधी काचकूच करत होता, मग मोकळेपणाने बोलला. "अहो, हे स्वस्तातले मंद होणारे दिवे असतात ना, ते खरं तर मंद होतच नाहीत. ते चालू-बंद, चालू-बंद होत राहतात, सेकंदाला शंभर-दोनशे वेळा. डोळ्यांना कळत नाही, वाटतं सलग उजेड आहे; गडद रंगावर चमकतं काही झरकन हललं की मात्र टिंबं दिसतात. बटण मागे फिरवलं की दर वेळी थोडा जास्त वेळ बंद राहतो, एवढंच."

"म्हणजे बटण जितकं खाली..." ताईने विचारलं.

"तितकी लुकलुक जास्त. काही लोकांना चालतं. काहींचं डोकं दुखतं, लक्ष लागत नाही. बारीक कामाला वापरू नका, चांगल्यातला देतो मी दुसरा."

ताईने फोन ठेवला. दिव्याच्या लांब मानेकडे ती पाहत राहिली.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "तुमच्यासाठी म्हणून आणला, आणि चार महिने मीच तुम्हाला..."

"आणि मी तो रोज थोडा थोडा खाली करत गेलो," काका म्हणाले. "तुम्ही एक पट आणलंत, मी चार पट केलं. दोघांनी मिळून केलंय, ताई. एकटीने श्रेय घेऊ नका."

ती रडता रडता हसली. "मला सांगायचं तरी ना, काका. मी म्हणाले होते ना, सांगा म्हणून."

"तुम्ही सहा दुकानं फिरला होतात," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

टेबल त्याच दुपारी पुढे आलं. गिऱ्हाइकांच्या दोन खुर्च्या मागे गेल्या, आणि इंजिनाने कुरकुर केली की आता आपल्या शेजारी बसून कोण ऐकणार. काचेपाशी बसायचं म्हणजे रस्त्यावरून येणारा-जाणारा डोकावणार, हे काकांच्या जिवावर आलं होतं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी कोट पसरला, भिंग लावलं आणि खांद्यावरचं रफू पहिल्यांदा दिवसाच्या उजेडात पाहिलं.

चूक होती. सहाव्या ओळीत एक घर सुटलं होतं आणि तिरकी रेघ तिथे केसभर मोडली होती. ती ना ताईला दिसली असती, ना व्हायोलिनवाल्या बाईंना, ना त्यांच्या श्रोत्यांना. काकांना मात्र ती चूक पाहून जवळजवळ आनंद झाला. चूक दिसत होती, म्हणजे बघणारा शाबूत होता.

त्यांनी बायकोला फोन केला. दुकानातून ते तिला कधी फोन करत नसत, त्यामुळे ती घाबरूनच बोलली. "काय झालं?"

"काही नाही. घरी यायला थोडा उशीर होईल, एक ओळ उसवतोय. आणि ऐक, ते रविवारचं तू म्हणालीस ना, ते बरोबर होतं."

"मी नेहमीच बरोबर असते. नक्की कुठलं?"

"घरी आल्यावर सांगतो. डोकं जरा उतरलंय."

ती म्हणाली, "बरं. या सावकाश."

काकांनी सहावी ओळ उसवली. नवा धागा ओवला आणि मोजायला लागले. दोन वर, दोन खाली, एक घर पुढे. बाहेर काचेपाशी एक लहान मुलगी नाक चपटं करून बघत उभी होती. तिच्या आईने तिला ओढून नेलं, आणि तेवढ्यात आकडा गेला. एकोणीस होतं की एकवीस?

काका थांबले. सुई तशीच धरून त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, भीती येते का ते. ती आली नाही. माणूस विसरतो, इतकंच झालं होतं. त्यांनी भिंग सरळ केलं आणि पहिल्या धाग्यापासून पुन्हा मोजायला घेतलं.